कातडीवर वळ उठवून चित्र काढायचं असेल तर: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

नखाने हलकी रेघ ओढली की ज्यांच्या अंगावर पाचेक मिनिटांत फुगीर वळ उठतो आणि अर्ध्या-पाऊण तासात विरून जातो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. डॉक्टर याला डर्मोग्राफिझम किंवा डर्मटोग्राफिया म्हणतात. घरात ‘हिला जरा खाजवलं तरी पित्त उठतं’ एवढ्यावर विषय संपतो. शंभरात दोन ते पाच जणांच्या कातडीची ही खोड असते आणि त्यातल्या बहुतेकांना तिचा काही त्रास नसतो. मी त्यांच्यातलीच एक.

अरियाना पेज रसेल या अमेरिकन कलावतीने स्वतःच्या अंगावर असे वळ उठवून नक्षी काढली आणि तिचे फोटो हेच तिचं काम झालं. ते फोटो बघून आपल्याकडचे लोक स्वतःच्या हातावर प्रयोग करतात आणि फसतात. याचं एक साधं कारण आहे. तिच्या गोऱ्या कातडीवर वळ लालभडक दिसतो. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर तो तितका लाल दिसत नाही, बऱ्याचदा आजूबाजूपेक्षा किंचित गडद दिसतो. मग ‘उठलंच नाही’ असं वाटून माणूस जोर वाढवतो, कातडी सोलवटते आणि चित्राचा चिखल होतो. खरं तर वळ पहिल्याच हलक्या रेघेने उठलेला असतो. आपण रंग शोधत बसतो आणि तिथे असतो तो उठाव, नाण्यावरच्या अक्षरासारखा. उठाव दिसायला बाजूने उजेड लागतो. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती रचलेले आहेत.

## ० : आधी हे तपासा, मग विणकामाची बोथट सुई हातात घ्या

खालीलपैकी एकही गोष्ट लागू होत असेल तर हा उद्योग करू नका.

- पित्त उठताना कधी ओठ, जीभ किंवा डोळ्यांच्या पापण्या सुजल्या असतील, दम लागला असेल, चक्कर आली असेल. अशा वेळी थेट डॉक्टर गाठायचे. श्वासाचा त्रास होत असेल तर १०८ ला फोन करायचा.
- सोरायसिस, लायकेन प्लॅनस किंवा कोड असेल. या आजारांत जिथे घासलं-खरचटलं जातं तिथे नवा चट्टा उमटू शकतो. चित्र अर्ध्या तासात जाईल, चट्टा राहील.
- जखम भरताना कातडी जाड, फुगीर होऊन राहते, म्हणजे किलॉइडची प्रवृत्ती असेल.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल.
- जिथे काढायचं तिथे एक्झिमा, नायटा, उन्हाने भाजलेली किंवा ताज्या वॅक्सिंगची कातडी असेल.

लहान मुलाच्या पाठीवर ‘गंमत बघ’ म्हणून तर मुळीच नाही. मोठ्या माणसाच्या अंगावर काढत असाल तर फोटो कुणाला दाखवायचा हे आधी ठरवून घ्या, नंतर नाही.

गोळीबद्दल इशारा: सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिनसारखी खाज-पित्तावरची गोळी रोज घेत असाल तर वळ नीट उठणार नाही. डॉक्टर या त्रासाची चाचणी करतात तेव्हा साधारण तीन दिवस आधीपासून गोळी थांबवायला सांगतात, पण तो निर्णय त्यांचा. फोटोसाठी परस्पर गोळी बंद करायची नाही. गोळीशिवाय खाजेने जीव जातो असं असेल, तर चित्राचा नाद सोडलेला बरा.

## १ : कातडीचं वेळापत्रक काढा

सर्वांत जास्त लोक हाच टप्पा गाळतात. चित्राच्या किमान दोन दिवस आधी चाचणी करायची.

हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध, तीन रेघा ओढा (कशाने, ते टप्पा २ मध्ये). प्रत्येक बोटभर लांब, एकमेकींपासून दोन बोटं दूर. पहिली अगदी हलकी, पेन्सिलीने पुसट रेघ काढावी तशी. दुसरी नेहमीच्या लिहिण्याच्या जोराने. तिसरी त्याहून जराशी जास्त. मग घड्याळ लावून बसा आणि वहीत लिहा:

- रेघ फुगायला कधी लागली?
- सर्वांत जास्त उंच कधी होती?
- कडा कधी पसरायला लागल्या?
- पूर्ण कधी गेली?

माझ्या डाव्या हाताचा हिशोब असा: दुसऱ्या मिनिटाला फुगवटा, सातव्या मिनिटाला सर्वांत उंच, बाराव्यानंतर कडा ढिल्या, पस्तिसाव्याला सपाट. मांडीवर सगळंच मंद, पाठीवर सगळंच जलद. तुमचे आकडे वेगळे येतील, म्हणून तर वही.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगते, कारण त्यावरून क्रम ठरतो. रेघेच्या दाबाने कातडीतल्या मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडतात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून आधी रंग येतो. मग त्यांच्यातून पाणी झिरपतं, म्हणून नंतर फुगवटा येतो. झिरपायला वेळ लागतो. जोर वाढवून ती वेळ कमी होत नाही, रेघ फक्त रुंद होते.

तपासणी: ओढल्या-ओढल्या दिसणारी पांढरी रेघ म्हणजे वळ नव्हे. रखरखीत कातडीवर उमटणारा पांढरा ओरखडाही वळ नव्हे. तो थुंकी लावली की जातो, हे प्रत्येक शाळकरी पोराला माहीत असतं. डोळे मिटून बोट फिरवा. बोटाला उंचवटा लागला तरच वळ. दहा मिनिटांनंतरही नुसतीच पांढरी रेघ राहत असेल तर तुमची कातडी या कामाची नाही.

दुसरी तपासणी, दुसऱ्या दिवशी: चाचणीच्या जागी काही उरलंय का बघा. वळ चोवीस तासांच्या पुढे टिकला, दुखत राहिला किंवा जाताना निळसर-तपकिरी डाग सोडून गेला, तर हा साधा डर्मोग्राफिझम नसावा. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. दाबलेली जागा चार-सहा तासांनी सुजत असेल, तरीही दाखवा.

## २ : रेघ ओढायचं साधन

रसेल विणकामाची बोथट सुई वापरते. आपल्याकडे लोकरीच्या दुकानात स्वेटरच्या सुया नंबरावर मिळतात. आठ नंबरची साधारण ४ मिलिमीटर जाड असते, ती चांगली. टोक स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवून बघा. ओठाला टोचलं तर कातडीलाही टोचणार. नखांवर नक्षी काढायचं, गोल गोळीचं डॉटिंग टूलही उत्तम चालतं.

नको त्या गोष्टी: संपलेली रिफिल (कड धारदार असते), टूथपिक, सेफ्टी पिन, कंपास, नख. नखाने जोर सांभाळता येत नाही आणि नखाखालचा मळ कातडीत जातो. साधन साबणाने धुऊन कोरडं करा, झालं.

## ३ : आराखडा

वळ रेघेइतका बारीक राहत नाही, चांगला तिप्पट-चौपट रुंद होतो. सुईच्या टोकाने ओढलेली रेघ सातव्या मिनिटाला करंगळीच्या अर्ध्या रुंदीची झालेली असते. कागदावर सुंदर दिसणारी बारीक वेलबुट्टी हातावर म्हणूनच साफ बुडते.

मी पहिल्यांदा हौसेने ‘श्री’ काढला होता, दोन बोटं उंच. पाचव्या मिनिटाला ‘श’चा पोटातला भाग भरला, सातव्याला वेलांटी त्याला येऊन चिकटली. ताईने बघून विचारलं, ‘बटाटा काढलास?’

तेव्हा हे नियम पाळा:

- दोन रेघांमध्ये निदान एक बोट अंतर. ज्या अक्षरांना पोट आहे (क, व, ब, ष) त्यांचं पोट दुप्पट मोठं ठेवा.
- अक्षर चार बोटं उंच तरी हवंच. म्हणजे हातावर दोन-तीन अक्षरं मावतील. कविता लिहायची असेल तर पाठ लागेल आणि दुसरा माणूसही.
- जोडाक्षर टाळा. शिरोरेघ हवीच असेल तर अक्षरांच्या डोक्यापासून थोडी वर, सुटी ओढा. फुगल्यावर ती आपोआप टेकते.
- रेघ रेघेला छेदते तिथे वळ गोळा होऊन मोठी गाठ दिसते. छेद देण्याऐवजी तिथे तीळभर फट सोडा.

सुरुवातीला अक्षरं नकोतच, ठिपक्यांची रांगोळी घ्या. चार बाय चार ठिपके, मधून वळणावळणाची एक रेघ. अंतर आधीच आखलेलं असल्यामुळे काही बुडत नाही.

इथली मोठी चूक: आराखडा पेनाने किंवा आयब्रो पेन्सिलीने अंगावर गिरवणं. पेनाचा दाबही दाबच असतो. तुम्ही आराखडाच काढत असता आणि तोच उठून बसतो. स्टेन्सिलची चिकटपट्टीही नको. ती ओढून काढताना चौकोनभर कातडी लाल होते. मऊ, ओल्या ब्रशने, पाण्यात कालवलेल्या टाल्कम पावडरचे नुसते ठिपके टेकवा. त्याहून बरं म्हणजे हाताएवढ्या कागदावर तेच चित्र दहा-बारा वेळा काढून हात बसवून घ्या.

## ४ : उजेड, कॅमेरा आणि शरीर, सगळं रेघेच्या आधी

नव्वद टक्के फजिती इथे होते. लोक आधी चित्र काढतात आणि मग चार्जर शोधतात. तुमच्या हातात जेमतेम पाच-सात चांगली मिनिटं असतात, ती दिवा हलवण्यात घालवायची नाहीत.

आदल्या रात्री: जागेला खोबरेल तेल किंवा मॉइश्चरायझर लावा. सुई नीट सरकते, पांढरे ओरखडे येत नाहीत. चित्राच्या आधी लगेच मात्र लावू नका. फोटोत कातडी चकाकते आणि त्या चकाकीत वळ हरवतो.

एक तास आधीपासून: घड्याळ, बांगड्या, राखी-गंडा, घट्ट बाही, इलॅस्टिक सगळं काढून सैल कपड्यात बसा. यांचे स्वतःचे वळ उठतात आणि फोटोत तेच आधी दिसतात. अंघोळ कोमट पाण्याने, टॉवेलने टिपून. खसाखसा पुसाल तर अख्खा हातच फुगेल.

उजेड: खोलीतले सगळे दिवे बंद. एक खिडकी किंवा एक टेबललॅम्प, एवढंच. दिवा हाताच्या बाजूला ठेवा, जवळजवळ कातडीच्या पातळीवर, म्हणजे किरण हातावरून घासत गेल्यासारखे जातील. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अंगणातला प्रत्येक खडा सावली टाकतो, तसं. वरून पडणारा उजेड आणि फोनचा फ्लॅश हे दोन्ही सावली मारतात, म्हणून बंद. दिव्याच्या समोरच्या बाजूला काळा कपडा टांगला तर सावली आणखी गडद होते. पांढरी भिंत असेल तर उजेड उलटा येऊन ती भरून टाकते.

चित्रात आडव्या रेघा जास्त असतील तर उजेड उभा हवा, उभ्या रेघा जास्त असतील तर आडवा. उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेची रेघ सावली टाकत नाही, म्हणून ती दिसतच नाही. अक्षरांसाठी दिवा एका कोपऱ्यातून तिरका ठेवला की दोन्ही सांभाळलं जातं.

फोन: पुस्तकांच्या थप्पीवर किंवा स्टँडवर पक्का. ब्यूटी मोड, पोर्ट्रेट मोड आणि एचडीआर बंद. ब्यूटी मोडचं कामच मुळी कातडीवरचे उंचवटे पुसणं हे आहे आणि आपण नेमके तेच टिपायला बसलोय. पुढच्या कॅमेऱ्याने काढू नका, अक्षरं उलटी येण्याची भानगड होते. कातडीवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा कमी करा. जरा काळसर फोटोत उठाव छान दिसतो.

हात: टेबलावर, छातीच्या उंचीला, उशीवर टेकवलेला. लोंबता हात रक्ताने भरून गडद होतो आणि वळाचा रंग त्यात बुडतो.

तपासणी: हातावर एक जाड दोरा ठेवून फोटो काढा. दोऱ्याची सावली स्पष्ट दिसली तर उजेड बरोबर. नाही दिसली तर पुढे जाऊ नका.

## ५ : रेघा ओढणं

आता फक्त तीन मिनिटं.

१. घड्याळ चालू करा. पहिली रेघ शून्य मिनिटाला.

२. चाचणीतल्या सर्वांत हलक्या चालणाऱ्या जोराने, एका दमात रेघ ओढा. तीच रेघ पुन्हा गिरवायची नाही. दुसऱ्यांदा ती जराशी बाजूला पडते आणि दोन वळ मिळून एक जाड पट्टा होतो.

३. जागा मंद असेल तिथून सुरुवात करा. मनगटाजवळ माझ्याकडे वळ उशिरा येतो, म्हणून मी मनगटाकडून कोपराकडे जाते. सगळं चित्र एकाच वेळी भरात यावं यासाठीच ही धडपड. प्रत्येक रेघेचं घड्याळ वेगळं चालतं. दहा मिनिटं चित्र काढत बसलात तर शेवटची रेघ उठेपर्यंत पहिली ढिली पडलेली असते.

४. मोठ्या आकारांच्या कडा आधी, आतले बारीक तपशील शेवटी. बारीक रेघा लवकर पसरतात, त्यांना जितकं कमी वय तितकं चांगलं.

५. तीळ, मस, शिरा फुगलेल्या जागा टाळून जा. चेहरा, गळा, पापण्या नाहीच.

चूक झाली तर पुसता येत नाही. चोळलंत तर सगळाच भाग उठेल. चुकलेली रेघ चित्रात सामावून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हातावर. त्याच जागी त्याच दिवशी पुन्हा काढलेलं चित्र माझं तरी कधीच नीट आलेलं नाही. खालची सूज पूर्ण बसलेली नसते आणि कडा मऊ येतात.

इशारा: रक्ताचा बारीक ठिपका दिसला किंवा झोंबायला लागलं, तर जोर जास्त आहे. तिथेच थांबा.

## ६ : थांबणं आणि टिपणं

सुई खाली ठेवल्यावर काहीही करायचं नाही, आणि हेच सर्वांत अवघड जातं. खाज सुटते. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ती कळसाला असते. हात उशीवर तसाच, दुसऱ्या हाताला काहीतरी काम द्या. मी फोनचं बटण त्याच हातात धरते.

दर मिनिटाला एक फोटो. कॅमेऱ्यात टायमर लावता आला तर उत्तम, नाहीतर इअरफोनच्या आवाज वाढवायच्या बटणाने बऱ्याच फोनवर फोटो निघतो. पहिला फोटो रेघ ओढण्याआधीच्या कोऱ्या कातडीचा घ्या, तो नंतर फार उपयोगी पडतो. तुमच्या वहीत जे ‘सर्वांत उंच’ मिनिट लिहिलंय त्याच्या आगेमागे पाच-सहा फोटो घ्या आणि प्रत्येक वेळी दिवा एक वीत पुढे-मागे करा.

शेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवलात तर नंतर रंग जुळवताना सोपं जातं. पण रंग ओढून-ताणून लाल करू नका. संपादनात मी फक्त काळं-पांढरं करते आणि गडद भाग जरा वाढवते. सावळ्या हातावरचा वळ काळ्या-पांढऱ्यात ओल्या मातीवर उमटलेल्या नक्षीसारखा दिसतो. लाल केला की मार खाल्ल्यासारखा.

सपाट होईपर्यंतचे फोटोही ठेवा. कडा ढिल्या पडतानाची मिनिटं, जेव्हा अक्षर अजून ओळखू येतं पण वाचता येत नाही, ती मला भरातल्या चित्रापेक्षा जास्त आवडतात. रसेलने स्वतःच्या कातडीच्या फोटोंपासून तात्पुरते टॅटू बनवून ते पुन्हा अंगावर चिकटवले. तुम्हाला तसलं काही करायचं असेल तर मूळ फाइल मोठ्या आकारातच जपा, मेसेजमधून पाठवलेली नको. तिच्यातली बारीक सावली आधीच गेलेली असते.

## ७ : नंतर

गार पाण्यात भिजवून पिळलेला सुती कपडा जागेवर ठेवा. चोळायचं नाही, ठेवायचं. बर्फ नको, काहींना गारव्यानेही पित्त उठतं. आमच्या आजीचा उपाय आमसुलाच्या पाण्याचा. थंड वाटायचं खरं, पण ती ते चांगलं रगडून लावायची, आणि रगडल्यामुळे नवे वळ उठायचे. मग आणखी आमसुलं भिजायची. लावायचंच तर कापसाने टेकवा.

खाजवू नका, विशेषतः सावळी कातडी असेल तर. वळ स्वतःहून डाग सोडत नाही, पण खाजवून सोलवटलेली जागा महिनोन्‌महिने काळपट राहते.

खाज सहन न होऊन डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतलीत तर झोप येते का बघून मगच गाडी काढा. तीच जागा पुन्हा वापरण्याआधी मी आठवडा जाऊ देते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चाचणीच्या वेळी केलं तसं, उजेडात हात धरून एकदा नीट बघा आणि वहीत लिहा: काही उरलं नाही.